शह, चेक आणि चेकनाका

मुलुंडच्या चेकनाक्यावर आता चेक करण्यासारखं काही उरलेलं नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, ट्रकांच्या त्या लांबलचक रांगा गेल्या, पावत्या फाडणारे गेले. पण रिक्षावाल्याला आजही नुसतं "चेकनाका" म्हटलं की पुरतं, कुठला असं तो विचारत नाही (यायला तयार होतो का, हा वेगळा विषय). आता गंमत बघा, यातला नाका आपला, आणि चेक इंग्रजांचा. असं आपण समजतो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो, कारण चेक म्हणजे कसा अगदी टायसूटवाला इंग्रजी शब्द वाटतो. बँकेतला, ऑफिसातला, दवाखान्यातला.

दिवसभरात आपण हा शब्द किती वेळा वापरतो ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही, पण जरा आठवून बघा. गॅस बंद केलास का चेक कर. मेल चेक केली का. शुगर चेक करून घ्या. तिकीट चेकर चढलाय. चेक्सचा शर्ट नको, प्लेन दे. चेक वटला का? बारा वाजता चेक-आउट आहे. आणि हल्ली बुद्धिबळाच्या क्लासला जाणारी पोरं पटावर बोट ठेवून म्हणतात, चेक! एवढी सगळी कामं एका शब्दाला कशी काय लावली, असा प्रश्न खरं तर पडायला हवा, पण पडत नाही, कारण इंग्रजीत असं चालतंच हे आपण गृहीत धरलेलं असतं. बॅट म्हणजे वटवाघूळ पण आणि क्रिकेटची फळी पण, तिथे कोण विचारतं. मात्र बॅटचं प्रकरण साधं आहे, ते मुळात दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार योगायोगाने सारखा झालाय. चेकचं तसं नाही. शर्टावरचा, बँकेतला, नाक्यावरचा, डॉक्टरकडचा, सगळे चेक एकाच माणसाचे वंशज आहेत आणि तो माणूस म्हणजे शाह. इराणचा राजा.

म्हणजे आपण ज्याला मराठीत "शह" म्हणतो तोच हा. शह आणि चेक हा एकच शब्द आहे. एक खैबरकडून पायी आला, दुसरा अख्ख्या युरोपला वळसा घालून बोटीतून उतरला, आणि आता दोघं एकाच वाक्यात मांडीला मांडी लावून बसतात, ओळख न दाखवता.

फारसीतल्या शाहच्या आणखी मागे गेलं तर प्राचीन इराणी भाषेत राजाला "ख्शायथिय" असा जीभ अडखळवणारा शब्द सापडतो. त्यातला तो "ख्श" म्हणजे आपला क्ष. क्षत्र, क्षत्रिय ही त्याचीच सख्खी भावंडं, सत्ता गाजवणं या अर्थाच्या एकाच धातूतून आलेली. आणि इराणी सम्राटाच्या प्रांताधिकाऱ्याला जो शब्द होता त्यातूनच आपल्या शाळेच्या पुस्तकातला "क्षत्रप" आला. नहपान क्षत्रप आठवतोय का? गौतमीपुत्र सातकर्णीने ज्याचा पाडाव केला तो. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे, तिथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला. नवी नाणी पाडत बसला नाही, शत्रूच्या तोंडावरच शिक्का हाणला. याला म्हणतात मात. असो. तर बँकेत स्लिप लावून आपण जो चेक टाकतो तो असा क्षत्रियांच्या घराण्यातला निघतो, हे मला अजूनही जाम आवडतं.

खेळ अर्थातच इथला. चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचं सैन्य आणि आठ गुणिले आठचा अष्टापद पट. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याचं कौतुक करताना म्हटलंय की इथे चतुरंगाची रचना शिकायची ती फक्त अष्टापदावर, म्हणजे खरी युद्धं काही होतच नाहीत. हा खेळ इराणात गेला, चतरंग झाला, अरबांनी इराण जिंकल्यावर शतरंज झाला. आणि इराण्यांनी त्यात एक रिवाज घातला जो पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. राजावर हल्ला झाला की हल्ला करणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "शाह!" म्हणजे, अरे राजा, तुझ्यावर आलंय, सांभाळ. न सांगता राजा उचलायचा नाही. प्यादं उचला, घोडा उचला, वजीरही गपचूप उचला, त्याला काय एवढं. पण राजाला आधी सांगायचं आणि सुटायला एक चाल द्यायची. तरीही सुटता येत नसेल तर शाह मात. मातचा अर्थ बरेच जण "मेला" असा सांगतात, कारण अरबीत त्याच्यासारखं दिसणारं मरणाचं क्रियापद आहे. फारसीतला मात मात्र हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला असा आहे, आणि मला तोच बरोबर वाटतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मरतच नाही. त्याच्या जवळची घरं संपतात, बस. पटावर तो उभाच असतो शेवटपर्यंत.

आमचे आजोबा जुन्या देशी नियमाने खेळायचे. त्यात प्यादं सुरुवातीला दोन घरं जात नाही, एकेकच सरकतं, आणि राजाला एक सवलत असते, अख्ख्या डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकतो. पण एकच अट, तोपर्यंत त्याला शह बसलेला नसावा. एकदा शह बसला की ती उडी गेली, मग राजा असलास तरी एकेक घरच चाल. लहानपणी मला हा नियम उगाचच वाटायचा. आता वाटतं की शह या शब्दाचा इंग्रजीत पुढे जो काही संसार झाला तो सगळा या नियमात आधीच आहे. राजाला हात लावलेला नाही, त्याचं काही गेलेलं नाही, पण आता तो पूर्वीसारखा मोकळा नाही. "आलंय" असं त्याला सांगितलं गेलंय आणि तेवढ्यानेच तो अडकलाय.

आजोबा शह देताना पट हादरेल असा आवाज करायचे. समोरच्याने न सांगता राजाला हात घातला तर डाव मोडून उठायचे, पुढचे दोन दिवस त्या माणसाशी बोलणं बंद.

आता युरोपात काय झालं ते. अरबांबरोबर खेळ स्पेनला आणि इटलीला पोचला, लॅटिनवाल्यांनी शाहचं "स्काकुस" केलं (श आणि ह दोन्हींची वाट लावली), जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं एशेक झालं, आणि त्याचं अनेकवचन एशेस. म्हणजे "अनेक राजे". नॉर्मन लोकांनी हे इंग्लंडात नेलं आणि इंग्रजांनी पुढचा ए खाऊन टाकला. एकवचनाचं झालं चेक, अनेकवचनाचं झालं चेस. म्हणजे चेस हे चेकचंच अनेकवचन. इतकी वर्षं "चेसमध्ये चेक दिला" म्हणताना आपण "शहांमध्ये शह दिला" म्हणतोय. जर्मन शाख म्हणतात, रशियन तर सरळ शाखमाती म्हणतात, शहमातच म्हणा ना. क्रोएशियाच्या फुटबॉल टीमचा तो लालपांढऱ्या चौकड्यांचा शर्ट पाहिलाय ना, वर्ल्डकपला लगेच ओळखू येतो तो, त्या नक्षीला त्यांच्याकडे शाखोव्हनित्सा म्हणतात, म्हणजे बुद्धिबळाचा पट. तिथेही शाह. फ्रेंचमध्ये एशेक म्हणजे आजही एका बाजूला शह आणि दुसऱ्या बाजूला चक्क अपयश, नापास होणं. फ्रेंचांनी राजाच्या बाजूने विचार केलेला दिसतो.

चेक देशाचा, म्हणजे प्रागवाल्यांचा, या सगळ्याशी काही संबंध नाही. ते नाव त्या लोकांचं स्वतःचं आहे, आपल्या देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच. पण त्यांच्या भाषेत बँकेच्या चेकला शेक म्हणतात आणि बुद्धिबळाला शाखी, म्हणजे चेक लोकांकडे चेकला चेक म्हणत नाहीत. हे कोणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो हा स्वानुभव आहे.

आणि जाता जाता प्याद्याचंही सांगून टाकतो. इंग्रजीतला पॉन लॅटिनमधल्या पायदळ सैनिकावरून आला आणि आपलं प्यादं फारसीतल्या पियादावरून, दोन्हीच्या मुळाशी पाय. आपलं संस्कृत पद, पाद तेच. वजीर, हत्ती आणि उंट यांची युरोपात पार राणी, किल्ला आणि बिशप अशी वेषांतरं झाली, पण राजा राजाच राहिला आणि प्यादंही प्यादंच राहिलं. सगळ्यात वरच्याचं आणि सगळ्यात खालच्याचं नाव कोणी बदलायला गेलं नाही.

तर इंग्रजीत चेक चौदाव्या शतकाच्या आसपास रुळला आणि मग पटाबाहेर पडायला त्याला वेळ लागला नाही. राजावर हल्ला, म्हणजे अचानक आलेला अडथळा. ससाणा पाळून शिकार करणारे सरदार, त्यांचा ससाणा नेमलेलं पाखरू सोडून मध्येच भलत्या पाखरामागे वळला की चेक म्हणायचे. मग चेक म्हणजे थांबवणं, आवर घालणं. राग आवरला तर तो चेकमध्ये. महागाईला आळा घातला तर ती चेकमध्ये. मग ज्याच्यावर आळा ठेवायचा त्याच्यावर नजर ठेवावी लागते, त्याच्या हिशेबाच्या वह्या तपासाव्या लागतात, तेव्हा चेक म्हणजे तपासणं. आणि तपासून झालं की बाजूला जी बरोबरची खूण करतो, तिलाही अमेरिकेत चेक म्हणायला लागले. राजापासून टिकपर्यंत. एवढ्या उतरणीवर दुसरा एखादा शब्द पार चेंदामेंदा झाला असता. पण नीट बघितलं तर मूळ भाव कुठे सुटलेला नाही, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कोणाला तरी सांगतंय की माझं लक्ष आहे बरं का. तिकीट चेकर काय वेगळं सांगतो? तो डब्यात चढला की ज्यांच्याकडे पास आहे तीसुद्धा माणसं खिसे चाचपतात.

ही झाली राजाची शाखा. पटाची शाखा वेगळी, आणि ती जास्त मजेदार आहे.

आपल्याकडचे आणि इराण-अरबांकडचे जुने पट एकरंगी असायचे. कापडावर नुसत्या रेघा, काही ठरावीक घरांवर फुल्या. काळंपांढरं, काळंपांढरं असं आलटून पालटून रंगवणं हे युरोपचं काम, दहाव्या शतकाच्या शेवटापासून त्याचे उल्लेख मिळतात. त्यामुळे चौकड्यांच्या नक्षीला राजाचं नाव मिळणं हे फक्त तिकडेच होऊ शकत होतं. आपल्याला चौकडी विणता येत नव्हती अशातला भाग नाही, गोव्यातली कुणबी साडीच बघा, लाल रंगावर बारीक चौकडा, गुडघ्याच्या खालपर्यंत आखूड नेसून खांद्यावर गाठ मारलेली, भातशेतात राबताना सोयीची. पुढे वेंडेल रॉड्रिक्स या डिझायनरने ती पुन्हा विणवून घेतली, रॅम्पवर आणली. पण त्या चौकड्याला आपण चौकडाच म्हणतो, त्यात राजाबिजा काही नाही. चार बाजू दिसल्या, चौकडा म्हटलं, विषय संपला. इंग्रजांना साधा रुमाल जरी चौकटीचा दिसला तरी त्यांना पट आठवला, आणि पट म्हटला की शाह आलाच.

आणि हा पट इंग्लंडच्या तिजोरीत कसा गेला ते ऐका. बाराव्या शतकात, म्हणजे पहिला हेन्री राजा होता तेव्हापासून, राजाच्या महसुलाचा हिशेब एका टेबलावर व्हायचा. रिचर्ड फिट्झनील म्हणून राजाचा खजिनदार होता, त्याने ११७० च्या दशकाच्या शेवटी गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात हे सगळं बारीकसारीक तपशिलांसकट लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं. टेबल साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कडेला चार बोटं उंचीची पट्टी, वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून. त्यावर काळं कापड अंथरायचं आणि कापडावर रेघा. रेघांमधले रकाने म्हणजे पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार, दहा हजार. त्या रकान्यांत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी करायची. का? कारण त्यांच्याकडे रोमन आकडे होते आणि रोमन आकड्यांत वजाबाकी करायला बसलात तर संध्याकाळ होते. आपला शून्य आणि दशमान पद्धत अजून त्यांच्या दफ्तरात पोचायची होती, तोवर स्थानिक किंमत अशी कापडावर आखून घ्यावी लागत होती.

हे चौकटीचं कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्या टेबलाला, आणि मग त्या अख्ख्या खात्यालाच, पटाचं नाव पडलं. स्काकेरियम, एशेकिये, शेवटी एक्सचेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री. आणि फिट्झनीलच्या संवादात शिष्य विचारतो की याला हे नाव का पडलं, तेव्हा गुरू नुसतं दिसण्यावर थांबत नाही. तो सांगतो की पटावर जशी दोन राजांची लढाई चालते तशी इथे दोन माणसांत चालते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ, म्हणजे परगण्याचा वसुली अधिकारी. शेरीफने वर्षातून दोनदा यायचं, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीला. टेबलापाशी बसायचं आणि वसुलीचा हिशेब द्यायचा, तर समोरचे लोक एकेक सोंगटी पुढे सरकवत त्याला कोपऱ्यात घेणार. तालुक्याच्या ऑफिसात ऑडिटवाले येतात त्या आठवड्यातले चेहरे ज्यांनी बघितलेत त्यांना या शेरीफचा चेहरा वेगळा दाखवायला नको.

पैसे भरल्याची पावती म्हणून लाकडाची काडी मिळायची. टॅली. हेझलच्या लाकडाच्या काडीवर आडव्या खाचा पाडायच्या, हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या फुगलेल्या दाण्याएवढी. पेनीला नुसता ओरखडा, लाकूड काढायचं नाही. मग काडी उभी चिरायची, दोन्ही तुकड्यांवर अर्ध्या-अर्ध्या खाचा येतात. लांब तुकडा पैसे देणाऱ्याकडे, त्याला म्हणायचे स्टॉक, आखूड तुकडा घेणाऱ्याकडे, तो फॉईल. भांडण झालं की दोन्ही जुळवून बघायचे. नको तिथे खाच वाढवलीत तर दुसऱ्या तुकड्यावर ती नसणार, पकडले जाणार. वाचता न येणाऱ्या माणसालाही चालणारी ही पावती इंग्लंडमध्ये १८२६ पर्यंत सरकारदरबारी चालू होती. आणि बंद केल्यावर दोन गाड्या भरून साठलेल्या काड्यांचं करायचं काय, तर १६ ऑक्टोबर १८३४ ला त्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घालून जाळायला घेतल्या. धुरांडी इतकी तापली की रात्री जवळपास अख्खं पार्लमेंट जळालं. जवळपासच्या गरिबांना चुलीसाठी वाटल्या असत्या तर! पण सरकारी रद्दी अशी वाटून टाकायची म्हटलं की कुठल्याही देशातल्या साहेबाच्या पोटात दुखतं.

दोन तुकडे जुळवून बघण्याची ही युक्ती लक्षात ठेवा, कारण बँकेतला चेक तिथूनच येतो. अठराव्या शतकात चेक म्हणजे मुळात तो कागद नव्हताच ज्यावर आपण सही करतो. चेक म्हणजे आपल्याकडे मागे उरणारा तुकडा, काउंटरफॉईल, ज्याच्याशी जुळवून बघून लबाडी पकडायची. लबाडीला चेक, म्हणजे आळा. नंतर तुकड्याचं नाव अख्ख्या कागदाला चिकटलं. आणि इंग्रजांना वाटलं की हा पैशाचा मामला आहे, तर याचा एक्सचेकरशी संबंध असणार, म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये क्यू घुसवला. अमेरिकनांनी तो घेतलाच नाही. म्हणजे राजाची शाखा (आळा घालणं) आणि पटाची शाखा (तिजोरी), शेकडो वर्षं वेगळी राहिलेली दोन्ही घराणी या एका कागदावर पुन्हा भेटली.

अमेरिकेत तर जुळवायचा कुठलाही तुकडा म्हणजे चेक. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रेल्वेत ट्रंकेला पितळी बिल्ला अडकवायचे आणि त्याच नंबरचा दुसरा प्रवाशाच्या हातात द्यायचे, ते चेक, आपलं विमानतळावरचं चेक-इन बॅगेज त्याचंच नातवंड. बेसबॉलची मॅच पावसाने धुतली गेली तर पुढच्या मॅचला चालणारा तिकिटाचा तुकडा म्हणजे रेनचेक, आता तिकडे "आज जमत नाही, पुन्हा कधीतरी बोलवा" एवढ्याच अर्थाने म्हणतात. हॉटेलातलं बिलसुद्धा चेक. न्यू जर्सीला राहणारा माझा मावसभाऊ पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा पुण्यातल्या हॉटेलात वेटरला "चेक आणा" म्हणाला. वेटरने अतिशय शांतपणे सांगितलं, साहेब, आपण चेक घेत नाही, कॅश किंवा कार्ड.

आमचे मामा एका सहकारी बँकेत क्लिअरिंगला होते. लहानपणी मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो की कधी कधी बँक बंद व्हायच्या वेळेला ते मला आत बसवायचे, आणि मी त्यांचे हात बघत बसायचो. चेकची गठ्ठी टेबलावर आपटून कडा जुळवायची, अंगठ्याने फर्र करून एकेक सोडायचा आणि एकेकावर नजर चार ठिकाणी जायची: तारीख, आकडा, अक्षरी रक्कम, सही. अक्षरी रकमेपुढे "फक्त" लिहिलेलं नसलं की च्यक करायचे. खालची पांढरी पट्टी त्यांनी मला वाचायला शिकवलेली. ते विचित्र, कुठे जाड कुठे बारीक आकडे चुंबकीय शाईचे असतात, मशीनला वाचता यावेत म्हणून. आधी चेक नंबर, मग नऊ आकडे, त्यातले पहिले तीन गावाचे, मुंबई ४००, पुणे ४११, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मी पोस्टाचा पिनकोड म्हणून ओळखलं तर खूश झाले. त्यांच्या तोंडी धनादेश हा शब्द मी कधी ऐकला नाही, तो सूचनाफलकावर आणि बक्षीससमारंभात. चेक वटतो, चेक परत येतो, चेक क्लिअरिंगला टाकतात. धनादेश नुसता "प्रदान" होतो.

आता मामा रिटायर झालेत आणि चेकही जवळपास रिटायर झालाय. कागद गावोगाव फिरत नाही, फोटो जातो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तर काही तासांत निकाल लागायला लागलाय. पण २०२१ च्या जानेवारीपासून पन्नास हजारांच्या वरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे म्हणून सोय आली, तुम्ही चेक कोणाला, किती रकमेचा आणि कुठल्या तारखेचा दिलाय ते बँकेला आधी कळवून ठेवायचं, मग चेक आला की बँक दोन्ही जुळवून बघते. मामांना मी हे समजावून सांगत होतो तर म्हणाले, अरे मग हे काउंटरफॉईलच की, फक्त ते आता तुझ्याकडे न राहता बँकेकडे राहतंय. हेझलच्या काडीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं तोवर.

मला मात्र या सगळ्यात खरी गंमत वाटते ती कलम १३८ ची. आपल्याकडचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा १८८१ चा, पण चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा त्यात आला तो १ एप्रिल १९८९ पासून. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकांना वाटतं चेक बाउन्स झाला की गुन्हा झाला. तसं नाही. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत ज्याचे पैसे अडकलेत त्याने लेखी नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत पैसे दिले तर गुन्हा झालाच नाही. नाही दिले तरच पुढची तक्रार. म्हणजे कायद्याने सांगून ठेवलंय की आधी मोठ्याने "शाह" म्हणा, त्याला सुटायला एक चाल द्या, आणि मगच मात करा. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बुद्धिबळ असेल असं मी म्हणत नाही, त्यांच्या डोक्यात तुंबलेले व्यवहार असणार. पण न सांगता राजा उचलायचा नाही हा जो रिवाज, तो ज्या वस्तूला राजाचं नाव मिळालंय तिच्याच कायद्यात असा अलगद येऊन बसावा, याला काय म्हणावं.

खुद्द बुद्धिबळात मात्र तो रिवाज गेला. आता टूर्नामेंटमध्ये चेक म्हणायची सक्ती नाही, मोठे खेळाडू म्हणतही नाहीत, ज्याला स्वतःचा राजा दिसत नाही त्याने खेळायला बसूच नये असा हिशेब. क्लासमधली पोरं म्हणतात तेवढीच. आणि वर्तमानपत्रं म्हणतात, त्यांना तर राजकारणाच्या पानावर शह-काटशह लागतोच, त्यात हल्ली "चेकमेट" घालायची फॅशन आलीय. एकाच मथळ्यात शह आणि चेकमेट दोन्ही छापलेले मी बघितलेत. खासा न्याय आहे, राजाला दोनदा मारायचं.

मामांची एक सवय होती, जी कुठल्या नियमात बसत नव्हती आणि साहेबाला ठाऊक असूनही त्याने कधी काढली नाही. ओळखीच्या खातेदाराचा चेक क्लिअरिंगमध्ये आला आणि खात्यात शिल्लक नसली की ते "फंड्स इनसफिशिएंट"चा मेमो भरायच्या आधी त्याला फोन करायचे. नाव वगैरे घ्यायचे नाहीत, एवढंच म्हणायचे, "तुमचा आलाय, बारापर्यंत भरताय का?" काही जण स्कूटरला किक मारून धावत यायचे, घामाघूम, रुमालात नोटा. काही जण फोनवर नाहीच आहेत असं घरातल्या पोराकडून सांगायचे. आणि एक गृहस्थ होते, कापडाचे व्यापारी, ते दरवेळी येऊन पैसे भरायचे आणि दरवेळी जाताना मामांवरच डाफरायचे, की आमच्या खात्यात किती आहेत ते बघत बसायला तुम्हाला बँकेने ठेवलंय काय!